रंजनाने जिंकलेला खटला

रंजना गेल्याचा फोन तिच्या भावाने केला तेव्हा मी कोर्टाच्या व्हरांड्यात होतो. "ताई झोपेतच गेली," एवढंच तो म्हणाला. आतून माझ्या प्रकरणाचा पुकारा झाला. मी आत गेलो, युक्तिवादही केला... काय बोललो ते मात्र आजही आठवत नाही.

आम्ही वर्षानुवर्षं एकाच चेंबरमध्ये बसलो. ती रसायनशास्त्र शिकून वकिलीत आलेली. नागपुरात जमिनीचे आणि चेकचे खटले सोडून पेटंटचे कोण लढवतं, म्हणून बाररूममध्ये लोक हसायचे. मग एका परदेशी औषध कंपनीचं काम तिच्याकडे आलं. कंपनीच्या गोळीची नक्कल इथला एक कारखाना स्वस्तात विकत होता. रंजनाने त्या गोळीतला रेणू न्यायाधीशांना असा उलगडून सांगितला, की विरुद्ध बाजूचा वकीलही ऐकत राहिला. मनाई हुकूम मिळाला, तेव्हा आम्ही पेढे वाटले.

काही आठवड्यांनी सावनेरहून एक माणूस आला. कोळसा खाणीत कामाला होता. गोळ्यांचं रिकामं पाकीट टेबलावर ठेवून म्हणाला, "कोर्टानं या गोळ्या बंद केल्या म्हणते दुकानवाला. बायको याच्यावरच आहे. तुमी औषधाच्या केसेस पाहता म्हणून आलो, मॅडम."

रंजनाने पाकीट उचलून त्यावरचं नाव वाचलं. "भाऊ, बंद करणारी वकील मीच होते," ती म्हणाली.

तो रागावला नाही. थोडा विचार करून म्हणाला, "मंग तर तुमाले रस्ता माहीत असन."

रस्ता तिला माहीत होता. त्या पेटंटची कच्ची बाजू तिच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. पण ज्याचं वकीलपत्र घेतलं, त्याच्याच विरुद्ध त्याच प्रकरणात उभं राहता येत नाही, हे तिने त्याला सावकाश समजावलं. दुसऱ्या वकिलाचं नाव दिलं. त्याने मान डोलावली, पाकीट खिशात घातलं आणि गेला. त्याचं नाव विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

तो त्या वकिलाकडे पोहोचलाच नाही, हे नंतर चौकशी केल्यावर कळलं. रंजनाने कंपनीचं काम सोडलं. पुढे अपिलात हुकूम उठला, गोळ्या परत दुकानात आल्या. त्या दिवशी तिने मला विचारलं, "तिच्यासाठी वेळेवर आल्या असतील का रे?" मी म्हटलं, "आल्या असतील." तिला ते पटलं नाही, मलाही नाही.

त्यानंतर तिने रुग्णांच्या बाजूने कितीतरी पेटंटना आव्हान दिलं. काही खटले जिंकली, काही हरली. पण जिन्यावर अनोळखी पाऊल वाजलं, की हातातलं वाचन थांबवून ती दाराकडे पाहायची. पक्षकार समोर असला तरी. कुणी दुसरंच निघालं, की पुन्हा कागदात डोकं घालायची.

आता चेंबरमध्ये मी एकटाच बसतो. पाऊल वाजतं... आणि माझंही वाचन थांबतं.