अर्धीच राहिलेली श्रद्धांजली

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. सोलापूरलगतच्या एका ठाण्यात मी तपास अधिकारी होतो. कुंभारी गावची एक विडी कामगार बाई सकाळी वळलेल्या विड्या जमा करायला कारखान्याकडे निघाली होती. मागून आलेल्या मोटारीने तिला उडवलं. ती जागीच गेली.

मोटारवाला चांगल्या नोकरीतला गृहस्थ. पळाला नाही, पोलिसांना फोनही त्यानेच केला. जबाबात म्हणाला, “बाई अचानक आडवी आली.” आमच्या हवालदाराने मान डोलावली. इस्त्रीच्या कपड्यांवर माणसं लवकर विश्वास ठेवतात, पोलीससुद्धा.

ते ऐकून बाईची मुलगी ठाण्याच्या दारातच ओरडली, “माजी आई आडवी जात न्हाय! कडंनं चालती ती.”

पंचनाम्यात ब्रेकची खूण कुठेच मिळाली नाही. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने मला बाजूला घेतलं. “सायेब, बाई कडंनंच चालली हुती की. ह्याचीच मान खाली. लई लांबून गाडी वाकडी येत हुती.”

मी गृहस्थाला समोर बसवलं. “फोन कुठं होता?”

“खिशात.”

पंचांसमोर फोन जप्त केला. भावकीच्या ग्रुपवर सकाळी कुणी वारल्याची बातमी होती. खाली ओळीने सगळ्यांच्या श्रद्धांजल्या. याचीही होती, पण धक्क्यात अर्धीच पाठवली गेलेली: ‘भावपूर्ण श्र’. पुढच्याच मिनिटाला पोलिसांना केलेला फोन.

त्याने फोनकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, “साहेब, सगळ्यांनी टाकलं होतं. आपलंच राहिलं तर वाईट दिसतं.”

वाईट दिसतं! मेलेल्याला घाई नव्हती, याला होती. त्यापायी एक जितीजागती बाई गेली. मला हात आवरावा लागला.

गुन्हा जामीनपात्र, त्यामुळे संध्याकाळी गृहस्थ घरी. दंडाच्या पावतीला कुणी भीत नाही, हे मी नोकरीभर पाहिलं. चालवताना टाइप करणारा सापडला की परवाना तिथल्या तिथे काढून घ्या. जीव गेला असेल तर त्याला पुन्हा गाडीला हात लावू देऊ नका. कायद्याचा धाक खिशाला नाही, सवयीला बसला पाहिजे.

दोषारोपपत्र दाखल झालं, तेव्हा मुलीला बोलावून वाचून दाखवलं. आईची चूक नव्हती, हे आता कागदावर आलं होतं. ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “म्हंजी त्यो आता गाडी चालवत न्हाय न्हवं?”

परवाना त्याच्याच खिशात होता. “चालवतो,” मी म्हणालो.

ती विड्यांची पिशवी उचलून त्याच रस्त्याच्या कडेने कारखान्याकडे निघाली.