व्हाळात रुतलेला नवरदेव आणि आमची मोरीवाली गाडी

आमच्या गाडीत मोरी आहे. लहान आहे, पण आहे. दोन पावलं मावतात, वर नळ आहे, खाली पाणी जायला भोक आहे. डिचोलीत लोक गाडीत देव बसवतात, एसी बसवतात. मोरी बसवणारा मी पहिलाच.

गाडी मुळात सुर्लच्या खाणीवर राबलेली जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप. खाणीचं काम थांबल्यावर ती कुणाच्या तरी माडाखाली उभी होती. मी ती घरी आणली तेव्हा आईने (वय शहात्तर, नजर घारीची) चष्मा पुसून विचारलं,

“श्रीपाद, ही गाडी लाल हा काय गंजली हा?”

“आई, खाणीची धूळ आहे. धुतली की पांढरी होईल.”

धुतली. पांढरी झाली. पहिल्या खड्ड्यात आपटली आणि आतून इतकी धूळ बाहेर आली की परत लाल!

या पिकअपवर खोली बांधायची, पलंग, ओटा, मोरी सगळं करायचं आणि जंगलात, नदीकाठी, जिथे रस्ता संपतो तिथे जायचं, असा माझा बेत होता. मी शाळेत विज्ञान शिकवतो. घर्षण, तरफ, जडत्व हे सगळं फळ्यावर मला चोख येतं. प्रत्यक्ष कामासाठी मात्र सर्जेराव होते. हे मूळचे कोल्हापूरकडचे वेल्डर, आता डिचोलीतच स्थायिक झालेले.

“सर, पलंगाचं माप येकदा परत घ्या की.”

“सर्जेराव, माप मी घेतलंय!”

पलंग पाच फूट दोन इंचांचा झाला. मी पाच फूट दहा. (चाकावरचा उंचवटा मापात धरायचा असतो, हे मला पलंगावर आडवा झाल्यावर कळलं.) सर्जेरावांनी धीर दिला, “दार उगडं ठिवून झोपायचं सर. पायास्नी वारं लागतंय.”

माझी बायको शुभा चहा घेऊन यायची आणि तासभर तिथेच उकिडवी बसायची. “सर्जेराव, हे खाली काय? हा छोटा दांडा कशाचा? आणि पुढच्या चाकाच्या मधोमध ही गोल चकती कशाला?” तेही बिचारे हातातलं काम टाकून सांगत बसायचे. शेवटी मीच ओरडायचो, “शुभा, त्यांचा वेळ घेऊ नकोस. चहा ठेव बघू परत!”

सहा महिन्यांनी गाडी तयार झाली. मे महिन्यातला एक रविवार पाहून आम्ही तिघं निघालो. मी गाडी चालवत होतो, शेजारी शुभा होती, मागे पलंगावर आई. जायचं होतं वाळपईच्या पुढे, नदीकाठी. वाळपई मागे पडेपर्यंत ओट्याखालचं कपाट फक्त चार वेळा उघडलं आणि पोह्यांचा डबा आईच्या मांडीवर फक्त दोनदा पडला. “आता हो माझ्याकडेच ऱ्हवांदे,” म्हणत तिने तो पदराखाली धरून ठेवला.

पुढे एका साकवाचं, म्हणजे छोट्या पुलाचं, काम चाललं होतं. रस्ता बंद होता आणि गाड्यांसाठी बाजूने व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, कच्ची वाट काढली होती. त्या वाटेच्या अगदी मध्ये एक मिनीबस चिखलात रुतून बसली होती. बसभोवती वीसेक माणसं भरजरी कपड्यांत उभी होती. त्यांत एकाने मुंडावळ्या बांधल्या होत्या आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती!

पेडण्याहून निघालेलं वऱ्हाड ते. नवरदेवाचा मामा धावत आला. “अहो, मुहूर्त सव्वाबाराचो! अकरा वाजान गेले! मांडव त्या चढाच्या पलीकडे हा, पण हिचो टायर काय हलना!”

मी गाडीतून उतरलो. असा क्षण माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो. मी कमरेवर हात ठेवले आणि म्हणालो, “काळजी करू नका. ही फोर-व्हील-ड्राइव्ह आहे. सगळे बाजूला व्हा!”

सगळे बाजूला झाले. मी बसला वळसा घालून पुढे जायला म्हणून गाडी व्हाळात घातली. दहा हात गेली आणि गच्चकन थांबली.

“थांबलात कित्याक?” मामाने विचारलं.

“अंदाज घेतोय.”

मी फोर-व्हीलचा छोटा दांडा ओढला आणि ॲक्सिलरेटर दाबला. मागची चाकं गरगरा फिरली आणि व्हाळाचा निम्मा चिखल मामाच्या रेशमी कुर्त्यावर गेला. पुढची चाकं नवऱ्यामुलासारखी गप्प उभी होती.

“घर्षण कमी पडतंय,” मी खिडकीतून सगळ्यांना समजावलं. “चाक आणि जमीन यांच्यात—”

“अहो मास्तर,” नवरदेव कळवळून म्हणाला, “अगोदर बस बंद होती, आता वाटच बंद झाली!”

खरंच होतं ते. बसला निदान मागे जायला जागा होती. आता माझी गाडी आडवी! नवरदेवाची आई पदराने डोळे पुसायला लागली. मी पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला. चाकं आणखी खाली गेली. मोरीचा पाइप निसटला आणि माझ्या पाठीवरून पाण्याची धार सुरू झाली. मागून आईचा आवाज आला, “श्रीपाद, आता पुरे कर रे बाबा. पोहूचा असता तर नदीर गेलो असतंव!”

तेवढ्यात शुभा शांतपणे उतरली. ओढणी कमरेला बांधली, चिखलात पुढच्या चाकापाशी वाकली आणि मधली गोल चकती हाताने फिरवली. खट्! पलीकडे गेली. पुन्हा खट्!

“हे काय केलंस?”

“लॉक केलं. या गाडीत नुसता दांडा ओढून चालत नाही. ही चकती फिरवल्याशिवाय पुढच्या चाकांना जोर मिळत नाही. सर्जेरावांनी सांगितलं होतं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“मी सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, चहा ठेव.”

वीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी मोरीच्या पाइपाकडे बघायला लागलो.

“सरका,” ती म्हणाली आणि स्टिअरिंगवर बसली. तिने टायरची थोडी हवा सोडायला लावली, दांडा सगळ्यात खालच्या गिअरला टाकला, आणि घाई न करता, गोगलगायीच्या चालीने, ती गाडी चारही चाकांनी चिखल चघळत वर चढली! वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. (दुसरं काय करणार?)

मग बसला दोर बांधला. सर्जेरावांनी मागे बसवलेला जाड हूक, त्याला मी “शोभेचा” म्हणालो होतो, तो आज कामाला आला. तेवढ्या वेळात आईने नवरदेवाला हाक मारली, “पुता, ह्या पायांनी मांडवात जातलंय? ये हय वर, पाय धू.” मी पाइप परत बसवला आणि नवरदेव आमच्या मोरीत उभा राहिला. आई नळ धरून त्याच्या पिंढऱ्या घासत होती आणि मध्येच त्याला पोहे भरवत होती.

“ढकला!” शुभाने आतून आवाज दिला. आम्ही सगळे बसला मागून भिडलो. दोर ताणला गेला. बस हलली, डुलली, आणि एकदम सुटली! बस सुटल्यावर तिला ढकलणाऱ्याने उभं राहायचं असतं. बाकीचे राहिले. मी तोंडावर पडलो.

उठून डोळ्यांतला चिखल काढेपर्यंत दोर सुटला होता, वऱ्हाड बसमध्ये चढलं होतं आणि दोन्ही गाड्या चढाला लागल्या होत्या. नवरदेव अजून आमच्याच मोरीत! मी हात हलवून ओरडलो. शुभाला वाटलं मी बसमध्ये आहे. बसवाल्यांना वाटलं मी शुभाबरोबर आहे.

मी चालत निघालो. दीड किलोमीटर चढ. अर्ध्यावर पोचलो तेव्हा वरून मंगलाष्टकं ऐकू आली, मग वाजंत्री, मग फटाके. घड्याळ पाहिलं: सव्वाबारा! त्या उन्हात, नखशिखांत चिखलाने भरलेला मी, एकटाच रस्त्यावर उभा राहून हसत होतो. कुठल्या तरी अनोळखी पोराच्या लग्नाचा इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

मांडवात पोचलो तर पहिल्या पंगतीत, नवरा-नवरीच्या शेजारी, शुभा आणि आई! मामा चिखलाच्या कुर्त्यात हात जोडून त्यांना आग्रह करत होता. “वहिनी, आणि थोडा गोड मणगणां घ्या! तुमी नसतात तर आज काय खरा नव्हता!” शुभाची नजर मला शोधत मांडवभर फिरत होती. मी हात वर करणार, तोच नवरीकडच्या एका कार्यकर्त्याने मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि खांद्याला धरून वळवलं.

“ड्रायव्हर-क्लीनरांची पंगत मागल्या बाजूक. पाय धुवन बस.”

मी पाय धुऊन बसलो. भाज्यांचं खतखतं अप्रतिम होतं. शेजारी नवरीकडच्या टेम्पोचा ड्रायव्हर जेवत होता. त्याने माझ्याकडे बघत सोलकढीची वाटी पुढे सरकवली.

“ती मोरीवाली गाडी, ती बाई चलयता, तेच्यार क्लीनर तू?”

“हो.”

“नवो लागलंस?”

“आजच,” मी म्हणालो, “पण आता कायमचा.”