करवलीचे केस

आमच्या ताईच्या मुलीचं लग्न इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतच ठरलं. नवरीला सख्खी बहीण नाही, म्हणून करवलीचा मान माझ्या अकरा वर्षांच्या लेकीकडे आला. नवरीच्या मागे कलश घेऊन उभं राहायचं, एवढंच काम. पण लेकीने ते इतकं मनावर घेतलं, की भरलेला तांब्या घेऊन ती रोज जिना चढायची-उतरायची, आणि कार्पेट मी पुसायचे.

लेकीचे केस तिच्या बाबांवर गेलेत. नवऱ्याचे आईवडील जमैकाचे. त्यामुळे केस घट्ट कुरळे आणि स्वतःचं मत असलेले. ते माझ्या सासूबाई सांभाळतात. दर रविवारी लेक त्यांच्या गुडघ्यांत बसते, त्या एक डोळा टीव्हीवर ठेवून बारीक वेण्या घालतात, आणि त्या कार्यात माझी गरज चहापुरती. नेमक्या लग्नाच्या आठवड्यात सासूबाई बागेत घसरल्या आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं.

"अगं, काळजी कसली?" ताई म्हणाली. "सगळ्या बायकांचं सलोनमध्ये बुकिंग केलंय. तिचंही त्यातच होऊन जाईल."

सलोनवाल्यांना तिने फोनवर सांगितलं होतं, की आमच्या सगळ्यांचे केस दाट आहेत. आमच्यात दाट म्हटलं की विषय संपला. त्यापलीकडे केसांचं काही असू शकतं, हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला सुचलेलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी ट्रायल होती. सलोन झकपक, कॉफीबरोबर एवढंसं बिस्किट. आधी ताईचा अंबाडा झाला, मग नवरीचा, मग माझा. लेकीची पाळी आली तशी ती उडी मारून खुर्चीत बसली.

"ओ माय गॉड, गॉर्जस!" हेअरड्रेसर म्हणाली आणि सोवळ्यात असल्यासारखे हात पाठीमागे घेऊन उभी राहिली. मग ती आत जाऊन आणखी दोघींना घेऊन आली. त्याही गॉर्जस म्हणाल्या. तिघींनी खुर्चीला प्रदक्षिणा घातली, पण कंगवा काही कुणी उचलेना. शेवटी मॅनेजरबाई आल्या. इन्क्लूजनबद्दल, म्हणजे सगळ्यांना सामावून घेण्याबद्दल, आपण किती पॅशनेट आहोत, हे त्यांनी मान तिरकी करून बराच वेळ सांगितलं. त्याचं सार एवढंच, की असे केस करता येणारी त्यांच्याकडे एक होती, ती सोडून गेली.

"स्ट्रेट मात्र करून देऊ," त्या म्हणाल्या. "मग काहीही करता येईल."

"नाहीतर खोबरेल चोपडून चप्प बसवू," ताईने भर घातली.

"कर ना स्ट्रेट, आई," लेक हळूच म्हणाली. "मग माझे पण करतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या खुर्चीत राहायला मिळावं म्हणून माझी मुलगी स्वतःच्या केसांवर पाणी सोडायला निघाली होती. मी ताईला गप्प बस म्हटलं, जन्मात पहिल्यांदाच, आणि लेकीला हाताला धरून बाहेर काढलं.

"मग मी कलश नाही धरणार," ती रडत म्हणाली. "सगळे माझ्याकडेच बघतील."

तशीच सासूबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "बस खाली." मी सोफ्यावर, लेक माझ्या गुडघ्यांत, आणि प्लास्टरचा हात छातीशी धरून सासूबाई डोक्यावर उभ्या. सैल झाली, सोड. घट्ट झाली, सोड. पोरीला दुखतं, ती काय उशी आहे? माझी पहिली वेणी बघून लेकीने आरशात तोंड वाकडं केलं. त्या दिवशी टीव्ही कुणी लावलाच नाही. सगळ्या वेण्या माथ्यावर गोल बांधून झाल्या तेव्हा जेवणवेळ टळून गेली होती. डावी बाजू किंचित वाकडी होती.

"चालेल," सासूबाई म्हणाल्या. लेक आरशात डावी बाजूच चाचपत राहिली.

सकाळी हॉलवर मुहूर्त जवळ आला तरी ती भिंतीला टेकून उभी. कलश माझ्याच हातात. तेवढ्यात ताईच्या अंबाड्याला स्प्रे मारायला आलेली ती हेअरड्रेसर लेकीला बघून थबकली.

"वॉव! फोटो काढू? आमच्या सलोनच्या पेजवर टाकते!"

लेकीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नको, थँक यू," ती इंग्रजीत म्हणाली. "हे तुम्ही नाही केलं. माझ्या आईने केलं."

मग तिने माझ्या हातातला कलश घेतला आणि सगळ्यांच्या देखत नवरीच्या मागे जाऊन उभी राहिली.