मानसाले

माझ्या काकाला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मारलं तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, पाणी घ्यायची पाळी काकाची होती. त्याच्या चुलतभावानं धुरा फोडून पाणी आपल्या बांधीत वळवलं. काका ते भोक चिखलानं बुजवायला वाकला आणि मागून कुऱ्हाड आली. मी नहरावरून धावत पोचलो तोवर बांधीतलं पाणी लाल झालं होतं आणि त्याच भोकातून पलीकडे चाललं होतं. मारणारा पळाला नव्हता. तो धुऱ्यावर बसून बिडी पेटवत होता. हात ओले होते, काडी पेटत नव्हती.

आमचं गाव राजेगावच्या बाजूला, मराठी आणि हिंदी मुलखाच्या हद्दीवर. तिथून मी रोज बसनं बालाघाटला यायचो. घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेजात मी मान खाली घालूनच वावरायचो. तरी पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनात स्टेजवर चढलो. गाता येत नव्हतं. मी काकाचं मरण जसं पाहिलं तसं, आमच्या वऱ्हाडी बोलीत, एका दमात बोलत सुटलो आणि टेबलावर हात आपटत राहिलो. अर्धा हॉल हसला. सगळं कॉलेज हिंदीत चालायचं. ही बोली म्हणजे त्यांच्या लेखी बाजाराला आलेल्या खेड्यातल्या माणसांची.

हसला नाही तो माइक सांभाळणारा. तो त्याच कॉलेजातून माझ्या बऱ्याच आधी शिकून गेला होता. शहरातल्या जुन्या मराठी घरातला, वडील सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. तो गायचा, चाली लावायचा, कॉम्प्युटरवर वाद्यं वाजवायचा आणि घराच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंग करायचा. मी त्याला दादा म्हणू लागलो. त्यानं मला सांगितलं की मी जे केलं त्याला रॅप म्हणतात. मला आधी रॅक ऐकू आलं. त्याच्या डोक्यात एक पूर्ण अल्बम होता: तो गाईल, मी बोलीन. वडिलांनी त्याला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. अल्बम झाला नाही तर खोलीला कुलूप लावून भोपाळला मामाकडे जायचं, तिथं नोकरी बघून ठेवलेली होती. अल्बम झाला, आणि बरा झाला, तर पुढचं पुढे बघू, असं ते म्हणाले होते. दादासाठी सगळं त्या एका दिवाळीवर आलं होतं.

खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या आणि राइस मिलमधला बारदाना ठोकलेला होता. आवाज नको म्हणून पंखा बंद. घाम गाळत मी बोलायचो आणि दादा हेडफोन लावून मान हलवायचा. त्याची आई मधेच पोळी-भाजीचं ताट आणून ठेवायची. त्या घरानं मला कधी परकं मानलं नाही, हे मी आजही विसरलेलो नाही. पण कामाला बसला की दादा कठोर व्हायचा. काकाचं गाणं चाललं होतं तेव्हा त्यानं चिडून गादीवर मूठ मारली.

"तू सांगून राह्यला मला," तो म्हणाला. "सांगू नको. मार."

मग मी ओळ अशी फेकली की घसा सोलला: मानूस मारते मानसाले. माणसाला असं पुस्तकात लिहितात. आम्ही मानसाले म्हणतो. दादाला तो शब्द फार आवडला. त्यानं कॉम्प्युटरवर तो मधोमध कापला, मधल्या फटीत ढोलाची थाप बसवली आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा जोडला. मान, थाप, साले. मान, थाप, साले. आम्ही दोघंही खूश झालो. आमच्या कानाला तो एकच शब्द होता, कितीही तोडला तरी.

त्याच्या मोहल्ल्याच्या दुर्गा मंडळाला मिरवणुकीसाठी काही नवं हवं होतं. दादानं त्या गाण्याची सीडी डीजेवाल्याला दिली. लोक कसे नाचतात ते बघू, म्हणाला.

विसर्जनाच्या दुपारी आमची मिरवणूक एका चौकात अडकली. पुढं दुसऱ्या मोहल्ल्याचं मंडळ उभं होतं आणि ते हलत नव्हतं. आधी कोणी निघायचं यावरून दरवर्षी बाचाबाची व्हायची. आमच्या डीजेवाल्यानं नेमकं तेव्हा ते गाणं लावलं. पोरं त्या तुकड्यावर उड्या मारू लागली तसं त्यानं पुढचं काही वाजूच दिलं नाही, तोच तुकडा फिरवत ठेवला. भोंग्यांची तोंडं पुढच्या मंडळाकडे होती. तिकडची पोरं नाचायची थांबली. मला वाटलं, ऐकताहेत. ऐकतच होती, पण हिंदीत. त्यांना भोंग्यातून स्पष्ट ऐकू येत होतं: मान, साले. मान, साले.

पहिली वीट डीजेच्या गाडीच्या काचेवर आली. मग सगळंच आलं. मांडवाचे बांबू, ट्यूबलाइटच्या नळ्या, बेल्ट, कोणाच्या हातात पूजेचं त्रिशूळ. ढोल वाजवणारा माझ्यासमोर ढोलावरच तोंडावर पडला आणि त्याच्या पाठीवरून लोक गेले. कोणीतरी माझी कॉलर धरून मला एका दुकानाच्या शटरवर आपटलं. गाणं याचंच आहे, असं आमच्याच एका पोरानं घाबरून सांगितलं होतं.

"किसको साले बोला बे?"

"साले नहीं भैया," मी म्हणालो. "मानसाले."

थापड बसली. "फिर बोला!"

"भैया, मराठी है. मानसाले माने आदमी को..."

या वेळी मूठ तोंडावर आली. समोरचे दोन दात जिभेवर आले. मागून एक जण म्हणाला, "मुँह पे बोल रहा है, हिम्मत देख इसकी." मी रडत पुन्हा समजावायला गेलो, पुन्हा तोच शब्द तोंडातून निघाला आणि पुन्हा मार पडला. समजावून सांगायला माझ्याजवळ तेवढाच शब्द होता.

दादा गाणं बंद करायला गाडीवर चढत होता. उंच मूर्तीसाठी विजेच्या तारा वर उचलायला मंडळाजवळ लांब बांबू असतात. त्यातला एक आडवा फिरला आणि त्याच्या डाव्या कानावर बसला. आवाज मला शटरपर्यंत ऐकू आला. तो खाली पडला नाही. गाडीची कडा धरून उभा राहिला, कानातून रक्त मानेवर उतरलं, आणि त्या हालतीत त्यानं हात घालून मशीनची वायर ओढली. गाणं थांबलं. मारामारी त्यानंतरही बराच वेळ चालली.

ठाण्यात हवालदारानं मला विचारलं, गाण्यात नक्की काय म्हटलं होतंस. तो शब्द उच्चारायची माझी छाती होईना.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी दादाच्या कानात बॅटरी मारून पाहिलं आणि गोंदियाला दाखवायला सांगितलं. गोंदियाच्या डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं की पडदा तर गेलाच, आतलंही गेलं. डाव्या कानाचा आता भरवसा धरू नका. परतीच्या बसमध्ये दादा माझ्या डाव्या बाजूला बसला, म्हणजे त्याचा उजवा कान माझ्याकडे येईल. तेव्हापासून तो नेहमी तसाच बसतो. राजेगावला बस थांबली तसा तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "दोन स्पीकरचं काम आहे ना हे. एका कानानं कसं करू?"

दोन्ही मोहल्ल्यांच्या मोठ्या माणसांनी मग मंदिरात बैठक बोलावली. बांबू फिरवणारा पोरगा समोर उभा केला. माझ्याच वयाचा, ओठावर टाके पडलेले. कोणीतरी शाळेतल्या मराठी मास्तरांना आणलं होतं. त्यांनी त्या शब्दाचा अर्थ सगळ्यांना समजावला. काही जण खाली बघू लागले, एकदोघं हसले. त्यांच्या मोहल्ल्याचे एक म्हातारे दादाला म्हणाले, "तू भी एक मार ले बेटा. हिसाब बराबर." मला वाटलं दादा हात जोडेल. तो कधी मोठ्यानं बोलायचा नाही.

त्यानं मारली. इतकी जोरात की पोरगा खांबावर आदळला, टाके तुटले आणि हनुवटी लाल झाली. बैठकीत कोणी हललं नाही. "हो गया," म्हातारे म्हणाले. दादा आपल्या पंजाकडे बघत होता. बाहेर आल्यावर त्यानं मला सांगितलं, "मारलं तेव्हा आवाज एकाच बाजूनं आला. दुसरी बाजू जणू नव्हतीच."

मी त्याला म्हटलं, "दादा, ते गानं काढून टाक. बाकीचे आहेत ना."

"काहून? काका तुझा मेला, तो शब्द तुझा. काप माझा होता. तो काढतो."

त्यानं तुकडे पुसले आणि माझी अख्खी ओळ जागेवर ठेवली. पुन्हा रेकॉर्ड करता आली नसती, कारण दातांच्या फटीतून माझा स शिट्टीसारखा निघत होता. उरलेल्या गाण्यांत तो तसाच आहे.

दिवाळी तोंडावर आली होती. आवाजांची जुळणी बाकी होती आणि त्यासाठी दोन कान लागतात. मग मी त्याचा डावा कान झालो. हेडफोनची डावी बाजू माझ्या कानाला, उजवी त्याच्या. वायर आखूड, म्हणून डोकं डोक्याला लावून बसायचो. तो विचारायचा, तिकडे काय वाजतंय, किती वाजतंय. मी सांगायचो. मला त्यातलं कळत नव्हतं. ढोलक मोठी झाली, पेटी बारीक आहे, एवढंच सांगता यायचं. कधी चुकलो की तो खुर्ची उलटी फिरवायचा, स्पीकरकडे पाठ करायचा आणि उजव्या कानानं डावी बाजू तपासायचा. एकदा त्यानं हेडफोन भिंतीवर फेकला. बारदान्यावर आपटून तो माझ्याच पायाशी पडला. मी उचलून दिला. आम्ही पुन्हा बसलो.

काकाचं गाणं शेवटी घेतलं. बाहेर पोरं लक्ष्मी बॉम्ब फोडत होती आणि प्रत्येक धमाक्याला आम्ही दोघं दचकत होतो. दादा डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला. मग कपाळाला आठ्या पडल्या.

"तू कुठं आहेस यात? मला फक्त मी ऐकू येऊन राह्यलो."

आधी, दोन्ही कान होते तेव्हा, त्यानंच मांडणी केली होती: स्वतःचं गाणं उजवीकडे, माझं बोलणं डावीकडे.

"इकडे आहो मी," मी म्हणालो. "पुरा इकडेच."

त्यानं माऊस हातात घेतला आणि मला ओढून मधात आणलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखा ऐकू येईन. मग स्वतःलाही मधात आणलं, ढोल, पेटी, सगळंच. एक एक करून सगळ्या गाण्यांचं तसंच केलं. सकाळी वडील येऊन खुर्चीत बसले, कुलूप मांडीवर ठेवून त्यांनी अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. उठताना कुलूप घेऊन गेले आणि ते त्या दाराला लागलं नाही.

जाणकार म्हणतात, अल्बम कच्चा आहे. सगळे आवाज एकावर एक चढलेले, दोघं एकमेकांना जागाच देत नाहीत. ते बरोबर आहे. ऐकताना आम्ही एकमेकांना ढकलत असल्यासारखे वाटतो, आणि मानूस मारते मानसाले, या धुऱ्याच्या ओळीला तर कोण बोलतो आणि कोण गातो हेही सांगता येत नाही.