भंगाराच्या टेम्पोला नाजमीनची ना

धरणगावच्या त्या कन्याशाळेत दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस उरले होते. मुख्याध्यापिका ज्योत्स्ना मॅडमनी संगणक शिकवणाऱ्या नाजमीन पिंजारीला बोलावून एक कागद तिच्यापुढे सरकवला. संगणकखोलीतले अठराच्या अठरा संगणक भंगारात काढायचे, सुट्टी संपली की टेम्पो येणार. कारणही लिहिलेलं होतं: विंडोज दहाचे अपडेट बंद झाले आणि अकरा या जुन्या मशीनवर चढत नाही.

"ठरलं?" नाजमीनने विचारलं.

"संस्थेची बैठक व्हायचीय. पण जळगावचा पुरवठादार म्हणतो म्हणजे ठरल्यासारखंच."

"त्यांनी एक तरी मशीन उघडून पाहिलं का?"

मॅडमनी मानेनेच नाही म्हटलं.

"मग मी पाहते. आणि बैठकीत माझंही ऐकून घ्यायचं, एवढं अध्यक्षांना सांगा."

कंत्राटी शिक्षिकेने असं बोलायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. पण गप्प बसणं तिला कधी जमलंच नाही. वडील खाजाभाई गाद्या भरायचे. लेकीने शिवणकाम शिकावं असं सगळ्या गल्लीचं मत. ती रोज एसटीने जळगावला जाऊन संगणक दुरुस्ती शिकली, परीक्षेत पहिली आली. तिथल्याच एका दुकानात लागली, तर मालकाने तिला काउंटरवर बसवलं. म्हणे, पोरीच्या हातात स्क्रू ड्रायव्हर पाहून गिऱ्हाईक बिचकेल. आठव्या दिवशी ती नोकरी सोडून घरी आली आणि ओट्यावरच टेबल मांडून दुरुस्तीला बसली. गिऱ्हाईक बिचकलं नाही. पुढे शाळेने बोलावलं.

सुट्टीत तिने संगणकखोलीची किल्ली मागून घेतली. एक मशीन साफ मेलेलं निघालं. बाकी सतरा ठणठणीत होती. बारांची मेमरी चार जीबी, पाचांची दोन. मग तिने तीन पेन ड्राइव्हवर विंडोजच्या जागी चालतील अशा तीन सिस्टिम उतरवून घेतल्या: उबुंटू, लिनक्स मिंट आणि लुबुंटू. तिन्ही मोफत, तिन्ही खुल्या. कुणीही वापरावं, वाटावं, बदलावं. परवाना कुणापाशी मागायचा नाही.

आपल्याला काय आवडतं हे तिने विचारातच घेतलं नाही. गल्लीतल्या सातवी-आठवीच्या पोरींना बोलावून तीन सारख्या मशीनसमोर बसवलं आणि सांगितलं, "मराठीत अर्ज लिहा, सेव्ह करा, छापा. मी काही दाखवणार नाही." स्वतः मागे वही घेऊन उभी राहिली.

उबुंटू दिसायला देखणी. पण ब्राउझर आणि अर्ज दोन्ही उघडले की चार जीबीचं मशीन धापा टाकायचं. मिंटचा मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, पोरींच्या सवयीच्या जागी. हात अडखळलेच नाहीत. लुबुंटू रंगरूपाने साधी, पण दोन जीबीच्या मशीनवरही चटकन उठायची. अर्ज लिहिता लिहिता वीज गेली, तीही दोनदा. दोन्ही वेळा मशीन नीट चालू झाली, हेही तिने टिपून ठेवलं.

शाळेचे लिपिक सुकदेवनाना निवृत्तीला आलेले. त्यांनी आपली पत्रं मिंटवर उघडून पाहिली, तर पडद्यावर नुसती वाकडीतिकडी इंग्रजी अक्षरं.

"पोरी, हाई काय शे? मना बठ्ठा कागद गया का?"

"सगळे कागद आहेत तिथेच आहेत, नाना. जुना फॉन्ट आहे, या सिस्टिममध्ये तो नाही."

शिवाय कार्यालयाची डिजिटल सहीची डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची छोटी किल्ली, काही केल्या चालेना. दोन दिवस खटपट करून तिने वहीत सरळ लिहिलं: कार्यालयात विंडोजच हवी, तिथे नवा संगणक घ्यावा.

बैठकीत अध्यक्ष रतिलालभाऊ, इतर संचालक आणि पुरवठादाराचा माणूस जितेंद्र बसले होते. नाजमीनने वही वाचायला घेतली. बारा मशीनना मिंट, पाचांना लुबुंटू. उबुंटू चांगली, पण आपल्या मशीनना पेलणारी नाही. मग ती कार्यालयाच्या पानावर आली, तसा जितेंद्र हसला.

"बघा भाऊ, मॅडम स्वतःच कबूल करताहेत की चालत नाही."

"कबूल नाही करत, सांगतेय," ती म्हणाली. "तुमच्या कागदावर तुमच्या मालाची एक तरी उणीव लिहिलीय का?"

"अहो, फुकटच्या वस्तूला धनी कोण? उद्या बिघडलं तर फोन कुणाला करणार?"

"आजवर कुणाला करत होतो? तुमचा माणूस तीन आठवड्यांनी यायचा. तोवर मशीन मीच उघडायचे, मीच दुरुस्त करायचे. आणि या सिस्टिमवर अडलं तर जगभर लोक उत्तरं लिहून ठेवतात. मला वाचता येतं."

रतिलालभाऊंचा चेहरा लाल झाला. "मॅडम, कंत्राट एप्रिलमध्ये संपतं ना तुमचं?"

"संपतं, भाऊ. संगणक मात्र एप्रिलमध्ये संपत नाहीत."

तिने वही मिटून टेबलावर ठेवली.

शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला, तो तिला घाबरवायलाच. म्हणाले, काही बिघडलं तर जबाबदारी माझी, असं लेखी द्या. तिने तिथल्या तिथे कागद मागितला, लिहिलं, सही ठोकली. त्याखाली स्वतःहून आणखी एक ओळ लिहिली: "आणि चाललं तर तेही माझ्याच नावावर." ज्योत्स्ना मॅडमनी तो कागद मोठ्याने वाचला आणि न विचारता साक्षीदार म्हणून खाली आपली सही केली.

टेम्पो आला तेव्हा त्यात तेवढं एक मेलेलं मशीन चढलं, तेही नाजमीनने त्यातले उपयोगी भाग काढून घेतल्यावर.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. प्रिंटरने पहिला आठवडा छळलं. एका पालकाने येऊन विचारलं, आमच्या पोरींना विंडोज कोण शिकवणार? तिने त्यांना मुलीशेजारी बसवलं आणि म्हणाली, "तिला फाइल शोधायला सांगा, तक्ता करायला सांगा. हे आलं की ती कुठल्याही मशीनवर बसेल." पालक अर्धा तास बसले आणि निघून गेले. पटलं की नाही, कळलं नाही. मुलगी दुसऱ्या दिवशी तासाला आली, एवढं खरं.

दुसऱ्या सत्रातल्या पहिल्या प्रात्यक्षिक परीक्षेत सतराही मशीन चालली. रतिलालभाऊ खोलीत येऊन एक चक्कर मारून गेले. कंत्राटाबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही, तिनेही विचारलं नाही.

परवा चाळीसगावच्या एका शाळेतून फोन आला. "मॅडम, या फुकटच्या सिस्टिममध्ये सगळ्यात चांगली कुठली, तेवढं सांगा. लगेच टाकून घेतो."

"असं फोनवर नाही सांगणार," नाजमीन म्हणाली. "मशीन किती, मेमरी किती, त्यावर बसणार कोण? शनिवारी येते. आणि तोवर भंगारवाल्याला दारात उभं करू नका."