साखळीबाई

डीपीचे फ्यूज स्वतःच्या हाताने काढून पिशवीत टाकले, तरी साखळीबाई लगेच खांबावर चढायची नाही. गाडीला अडकवलेल्या पोत्यातून ती एक लांब साखळी काढायची. तिचं एक टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधायची आणि दुसरं टोक काठीने वर तारांवर टाकायची. तारेत चुकूनमाकून वीज राहिलीच असेल तर ती साखळीतून जमिनीत जावी, चढणाऱ्याच्या अंगातून जाऊ नये, एवढाच त्यातला अर्थ. पण खाली घाम पुसत उभ्या असलेल्या मंडळींना हे सगळं सोंग वाटायचं. कुणीतरी म्हणायचंच, "आगं, मेलीय ती लाइन. मेलेल्याला कितींदा मारतीस?"

ती वर न बघता म्हणायची, "मेलीय हे कुणी सांगितलं तुमाला? मी बघितल्याबिगर न्हाई मानत."

तिचं नाव चांगलं चार अक्षरी होतं, पण ते फक्त तिच्या पगारपत्रकावर राहिलं. गावात ती साखळीबाईच.

आमचं गाव वडूजच्या अलीकडे. पाऊस बेताचा आणि लाइट त्याहून बेताची. आमची पिठाची गिरणी आहे आणि गावची डीपी, म्हणजे तो ट्रान्सफॉर्मर, गिरणीला लागूनच. त्यामुळे आजवर जेवढे वायरमन आले तेवढे सगळे माझ्या दारात बसून चहा पिऊन गेले. ही मात्र बाई. वय चोवीस-पंचवीस, शर्ट-पँट, पायात जाड बूट. पहिल्या दिवशी ती खांबावर चढली तेव्हा अख्खी आळी खाली जमली होती. म्हाताऱ्या चुलीवरचं तसंच टाकून आल्या होत्या.

उतरल्यावर ती गिरणीच्या पायरीशी आली. "काकी, वाईच पाणी द्या."

"देते की. कुठली गं तू?"

"शिराळ्याकडची."

"आडनाव काय?"

"सांगते. आधी पाणी द्या."

तांब्याभर पाणी ती गटागटा प्यायली, तांब्या माझ्या हातात दिला, मग आडनाव सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे शांतपणे बघत उभी राहिली. मला तेव्हा तिचा रागच आला. आमच्या घरात आम्ही तसलं काही पाळत नाही, असं मी चारचौघांत मोठ्या तोंडाने सांगत असे. पण आडनाव आधी कळलं असतं तर तांब्या पुढे करताना माझा हात कणभर अडखळला असता, आणि हे तिने माझ्याआधी ओळखलं होतं. त्याची लाज मला अजून वाटते. पुढे ओळख वाढल्यावर एकदा मी तिला विचारलंच. ती म्हणाली, "आडनाव ऐकून मग पाणी देत्यात, त्या घरचं पाणी मला गोड लागत न्हाई काकी. म्हणून आधी पिऊन घेते."

तिला प्रत्येक गोष्टीवर मत होतं आणि ते पोटात ठेवायची तिला सवय नव्हती. वाढदिवसाला पोरं एकमेकांच्या तोंडाला केक फासतात ते बघून म्हणायची, "खायची वस्तू आहे. तोंडात घालायची सोडून तोंडाला भायरनं का लावत्यात?" लाइट गेल्याबरोबर तिचा फोन खणखणायला लागायचा. त्यावर म्हणायची, "गेली म्हणून शंभर जण सांगत्यात, आली म्हणून एक जण सांगत न्हाई. मला कसं कळायचं आली का न्हाई?" तेव्हापासून लाइट आली की मी तिला फोन करायला लागले. ती "बरं" एवढंच म्हणायची, पण आवाज खूश असायचा.

लग्नात मांडवाच्या लायटिंगसाठी तारेवर चोरीचा आकडा टाकायची आमच्याकडे जुनी रीत. ती आकडे काढायची आणि शिव्या खायची. तिचं म्हणणं असं, की स्थळ बघायला जाताना मुलाचा पगार, घर, शेत काही बघू नये. "आधी मीटर बघायचं. घरात दोन पंखे आन् फ्रीज चालू हाय, आन् मीटर गप हाय, तर चहाला बी थांबू नका." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मग त्यातली एखादी विचारायची, "आन् तुझं गं? तू कवा करणार?" तेव्हा साखळीबाई गाडीला किक मारत म्हणायची, "तुमच्या सगळ्यांची मीटरं बघून झाली की."

पण तिचं एक मत मात्र तिने नुसतं बोलून सोडलं नाही. बहुतेक घरांत मेन स्विच पुरुषाच्या उंचीवर असतो, आणि फ्यूज उडाला की बाई अंधारात नवऱ्याची वाट बघत बसते, हे तिला सहन व्हायचं नाही. "तिखटाचा डबा कुठं हाय ते बाप्याला म्हाईत न्हाई, मेन स्विच कुठं हाय ते बाईला म्हाईत न्हाई. मग घर चालतंय कसं?" दर शनिवारी दुपारी तिने आमच्या गिरणीत बायका गोळा करायला सुरुवात केली. स्विच कसा ओढायचा, पायात चप्पल का घालायची, ओल्या हाताने काय करायचं नाही, सगळं करून दाखवायची. साठीच्या म्हाताऱ्यांनी फ्यूजची तार बदलली. गावातल्या पुरुषांना हे फारसं रुचलं नाही. आमच्या मालकांचंही तेच. माझे यजमान सैन्यातून निवृत्त झालेले. घरातल्या जनरेटरला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता.

लाइट गेली की त्या जनरेटरवर गिरणी चालायची. आणि तो साखळीबाईला पहिल्यापासून खुपत होता. जनरेटर सुरू करण्याआधी मेन स्विच बंद करावाच लागतो. तो राहिला तर आपल्या जनरेटरची वीज उलटी बाहेर जाते आणि गावच्या तारेत शिरते. विसरायला वावच राहू नये म्हणून चेंजओव्हर नावाचा एक स्विच बसवतात. तो एका वेळी एकच वीज घरात घेतो. "आवं काकी, तेवढा बसवून घ्या," असं तिने मला तीनदा सांगितलं होतं. मालक म्हणायचे, सैन्यात असले छप्पन जनरेटर चालवलेत. मी म्हणायचे, दिवाळी झाली की बघू.

वसुबारसेचा दिवस होता. गिरणीत भाजणीच्या डब्यांची रांग दारापर्यंत गेलेली. मालक साताऱ्याला गेलेले. बाभळीची फांदी पडून तार तुटली आणि लाइट गेली. बायका माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. आणि मला अवदसा आठवली. आता मी काही अडाणी नव्हते, शनिवारच्या वर्गातली हुशार विद्यार्थिनी होते. म्हटलं, मालकांवाचून काय अडलंय? पदर खोचला, हँडल मारलं, जनरेटर धडधडायला लागला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मेन स्विच माझ्या डाव्या हाताला होता. तो मी ओढलाच नव्हता.

जेमतेम पाच मिनिटं गेली असतील. बाहेर फाड्कन आवाज झाला आणि जनरेटर गुरगुरत बंद पडला. मला वाटलं डिझेल संपलं. मी दोन शिव्या हासडल्या आणि परत हँडलला हात घातला. तेवढ्यात दारातून आवाज आला, "काकी, हँडल सोडा."

साखळीबाई उंबऱ्यात उभी होती. ती ओरडली नव्हती. पण तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता आणि माझा हात आपोआप सुटला. ती सरळ आत आली आणि मेन स्विच खाली ओढला. मग म्हणाली, "पाणी द्या."

मी पाणी दिलं. ती उभ्यानेच प्यायली. अर्धं पाणी शर्टावर सांडलं. बाहेर तिसऱ्या खांबाखाली तिची शिडी तयार होती. फ्यूज काढलेले, लाइन बंद. तिने साखळी टाकली आणि माझ्या जनरेटरच्या विजेने तारांवर ठिणग्यांचा जाळ झाला; तोच मी ऐकलेला आवाज. साखळी टाकली नसती तर त्या वेळी तिचा हात तारेवर असता. हे तिने मला सांगितलं नाही. बाहेर जाऊन काळवंडलेली साखळी बघितली तेव्हा माझं मला कळलं.

मला वाटलं होतं, विषय तिथेच संपेल. घरातलीच पोर ती. माझ्या हातची भाकरी खाल्लेली. पण तिने तुटलेली तार जोडली, सगळ्या गावाची लाइट सुरू केली, आणि आमच्या गिरणीची तेवढी तोडली. वडूजच्या वीज कार्यालयाला लेखी कळवलं, त्यात माझं नाव.

"ऐन दिवाळीत?" मी म्हणाले. "अगं, मी तुला जेवायला घातलंय."

"घातलंय की. इसरले न्हाई मी." ती पोतं आवरत होती. "काकी, उद्या खांबावर मी नसले, दुसरं कुणी असलं, आन् त्याच्याकडं साखळी नसली, तर? चेंजओव्हर बसवा, मी येऊन जोडून देते."

मी तिच्याशी बोलणं टाकलं. गावातल्या बायकाही तिच्यावर चिडल्या, कारण भाजणीचे डबे घेऊन त्यांना वडूजला हेलपाटे मारावे लागले. मालक मात्र साताऱ्याहून आल्यावर ती साखळी बघून आले आणि दुसऱ्या दिवशी चेंजओव्हर आणायला गेले. तो बसेपर्यंत भाऊबीज आली.

ती आली, स्विच तीनदा वर-खाली करून बघितला, लाइन जोडली. मग गाडीजवळ गेली आणि एक छोटा स्टीलचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. आत भाजणी होती. दिवाळी संपत आलेली, सगळ्यांच्या चकल्या खाऊनसुद्धा झालेल्या, आणि रोज वडूजच्या कार्यालयात जाणाऱ्या या पोरीने डबा दळायचा ठेवला होता.

"वडूजात दळली नाहीस?" मी विचारलं.

"तिथलं जाडं दळत्यात," ती म्हणाली.

मी डबा रिकामा केला आणि पट्टा सुरू केला. गिरणीच्या आवाजात रडलेलं कुणाला कळत नाही. मी रडून घेतलं.

दोन वर्षांनी तिची कराडला बदली झाली. गावाने निरोप-समारंभ वगैरे काही केला नाही. आकडे काढणाऱ्या माणसाला कोण हार घालणार? पण शनिवारच्या बायका गिरणीत आल्या होत्या. तिने प्रत्येकीला घरातला मेन स्विच कुठे आहे ते शेवटचं विचारून घेतलं. आता अधूनमधून तिचा फोन येतो. लग्न केलं का विचारलं तर म्हणते, बघतेय, अजून मीटर पसंत पडत नाही.

तिच्या जागी आलेला पोरगा चपळ आहे, बोलायला गोड आहे. गेल्या महिन्यात डीपीचे फ्यूज काढून तो सरळ गिरणीपुढच्या खांबावर निघाला. दोन पायऱ्या चढलासुद्धा. मी हातातलं सूप टाकून पळत गेले आणि त्याची शिडी धरली.

"उतर खाली. साखळी टाक आधी."

"आवं काकी, लाइन मेलीय. मीच फ्यूज काढलेत न्हवं!"

"मेलीय हे कुणी सांगितलं तुला?"

तो हसला. मी शिडी सोडली नाही. माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू गेलं. तो उतरला, गाडीच्या तळातून गंजलेली साखळी हुडकून काढली, सळई ठोकली, आणि तारांवर टाकली.

काही झालं नाही. खळ्ळ आवाज झाला, बस.

"बघा," तो म्हणाला, "मेल्याली होती."

"असू दे," मी म्हणाले. गिरणीत येऊन पोत्यावर बसले. लाइट आली तशी मी त्याला फोन करून सांगितलं, आली म्हणून.