शिडाच्या कापडावरची होडी

आमच्या पुण्याच्या घरात उष्ट्याचा धाक फार. आमटीची चव बघायची तर थेंब तळहातावर घ्यायचा. डाव तोंडाला लावला की आईने डोळे वटारलेच. त्यामुळे टोकियोत आमच्या सेन्सेई, म्हणजे जुनी चित्रं साफ करून जतन करणाऱ्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई, शांतपणे म्हणाल्या, "हे चित्र लाळेनं पुसा," तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. जपानात वरिष्ठांना असं तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. पण माझं डोकं लवकर तापतं, आणि तापलं की भाषा कुठलीही असो, मी पुणेरीच बोलते.

२०११च्या भूकंपाला वर्ष उलटून गेलं होतं. मी रसायनशास्त्रातली पोस्टडॉक, राहायला टोकियोच्या एदोगावा भागात. सकाळी सायकलने स्टेशन, तिथून ट्रेन, आणि मग दिवसभर त्सुनामीच्या चिखलातून काढलेली चित्रं साफ करायची. फार नावाजलेली नव्हेत. कुणाच्या शाळेतली, कुणाच्या देवळातली, कुणाच्या घरातली.

हे चित्र एका आजोबांचं होतं. ईशान्येकडच्या किनाऱ्यावरचे कोळी. घर वाहून गेलं, बायको गेली, ती सापडलीही नाही. चित्र तेवढं डोंगराच्या पायथ्याशी चिखलात मिळालं. आता ते तात्पुरत्या वसाहतीतल्या एका खोलीत राहत होते. गादीच्या खोळीत गुंडाळलेलं चित्र त्यांनी टेबलावर ठेवलं आणि एवढंच विचारलं, "होडी आहे का, बघाल?"

होडीची गोष्ट त्यांनी चहा थंड होईपर्यंत सांगितली. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या गावात एक चित्रकार होऊन गेला. कोळ्याच्या पोटचा, पण नावेत पाय ठेवला की ओकायचा. गावाने टर उडवली म्हणून तो योकोहामाला पळाला, तिथे एका परदेशी चित्रकाराचे ब्रश धुता धुता तैलरंग शिकला आणि, कशाला कोण जाणे, परत त्याच गावात आला. उरलेलं आयुष्य देवळामागच्या खडकावर बसून तो समोरचा एकच समुद्र रंगवत राहिला. रंग पुरत नसत म्हणून त्यात दिव्याचं तेल घालून वाढवायचा. कापड मिळत नसे म्हणून लोकांकडून जुनी शिडं मागून आणायचा. वाऱ्याने उडालेली वाळू ओल्या रंगाला चिकटायची, ती तशीच राहू द्यायचा. मला भिंगातून ते कण दिसत आणि त्या ओकणाऱ्या माणसाविषयी फार माया वाटे.

आजोबांच्या पणजीचा नवरा एकदा समुद्रावर गेला तो परतलाच नाही. घरात एक जादाचं शीड उरलं होतं, ते तिने चित्रकाराला नेऊन दिलं. त्याने त्यावर समुद्र काढला आणि क्षितिजाच्या जरा खाली एक होडी, तांदळाच्या दाण्याएवढी, घराकडे तोंड केलेली. तेव्हापासून त्या घरात रीतच पडली. रोज सकाळी घरातल्या बाईने होडीला "ओकाएरी" म्हणायचं. आपल्याकडे निघताना "येतो" म्हणतात. यांच्याकडे आल्यावर बोलतात. घरी येणारा म्हणतो "तादाइमा", म्हणजे आलो. घरातलं माणूस म्हणतं "ओकाएरी", म्हणजे आलात, या. पणजीने म्हटलं, आजीने म्हटलं, आईने म्हटलं, आणि मग चाळीस वर्षं आजोबांच्या बायकोने.

"मी हसायचो तिला," आजोबा म्हणाले. "पहाटे मी मासे घेऊन दारात उभा, तादाइमा म्हणतोय, आणि ही आधी होडीला उत्तर देणार, मग मला."

चित्राच्या उजव्या बाजूवर चिखलाचा पापुद्रा घट्ट बसला होता. होडी असलीच तर त्याखाली. नुसत्या पाण्याने तो हलेना. मला धीर कुठला? मी कडेच्या कोपऱ्यात एक द्रावण लावून बघितलं, आणि कापसाचा बोळा निळा होऊन आला. दिव्याच्या तेलाचा तो रंग इतक्या वर्षांतही कच्चाच राहिला होता आणि मी नखाएवढा समुद्र पुसून टाकला होता. सेन्सेई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या की लाळ सौम्य असते, कोमट असते, जगभर चित्रं अशीच पुसतात.

हे मला ठाऊक नव्हतं का? लाळेत काय काय असतं ते मी पाठ म्हणून दाखवलं असतं. मी हट्टाने आठवडाभर बीकरमध्ये नकली लाळ बनवली, ती काही नीट चालली नाही. अडचण रसायनाची नव्हतीच. ज्या चित्राशी चार पिढ्यांच्या बायका रोज सकाळी बोलल्या, ते माझ्या लेखी देव्हाऱ्यातलं. त्याला उष्टं कसं लावायचं?

आईला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं, ती तरी माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "शाळेतून तोंडाला शाई फासून यायचीस तेव्हा मी काय गंगाजल आणायचे? पदराचं टोक तोंडात ओलं करायचे नि पुसायचे." मग जरा थांबून म्हणाली, "आपल्या माणसाला उष्टं नसतं गं. त्या गेलेल्या बाईचं राहिलेलं काम करतेयस, तर नीट कर."

दुसऱ्या दिवशी बसले. सकाळी तोंड खळखळून धुवायचं, कॉफी नाही, आणि डब्यातली लसणीची चटणी काम संपेपर्यंत बंद, हा खरा त्याग. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, चित्रावर हळूच लोळवायचा, घासायचा नाही. वापरलेला बोळा परत तोंडात घालायचा नाही. दिवसाला पोस्टाच्या तिकिटाएवढा समुद्र. थंडी सुरू झाली तेव्हा बोटभर जागा उरली होती, नेमकी होडीची. तिथे माझा हात चालेना. होडीच बोळ्यावर निघून आली तर त्या माणसाला मी काय सांगणार होते?

सेन्सेईंना विचारून मी आजोबांना बोलावून घेतलं. म्हटलं, एवढं तुम्ही करा.

त्यांनी तीनदा हात धुतले, चूळ भरली. जाळी विणून विणून बोटं जाड झालेली, पण माझ्यापेक्षा स्थिर. पहिला बोळा, दुसरा. तिसऱ्याला चिखलाखालून एक काळसर दाणा दिसला, मग त्याचं टोक. होडी होती. घराकडेच तोंड होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही ओकाएरी म्हणा. आमच्याकडे हे बाईनं म्हणायचं असतं."

मी भडकलेच. "मी नाही म्हणणार. तुमच्या घरचं आहे, तुम्ही म्हणा. हसलात ना तिला चाळीस वर्षं?" सेन्सेईंनी मान खाली घातली. बोलून गेल्यावर मीही जीभ चावली.

आजोबा ताठ उभे राहिले, चित्रापुढे कमरेत वाकले. तोंड उघडलं, आणि आयुष्यभर जो शब्द तोंडात बसला होता तोच बाहेर आला.

"तादाइमा."

ते होडीकडे बघत तसेच उभे राहिले, दारात उभं राहावं तसे. मग मी म्हटलं, "ओकाएरी." आधी होडीला, मग त्यांना.